त्रासाचे गुण

मला चिडण्यासाठी बोलावतात, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. शेजारी म्हणतो, तुम्हाला त्यासाठी बोलवायची काय गरज, तुम्ही घरबसल्याही चिडता. त्यात चूक काही नाही. पण माझ्या चिडण्याची रीतसर नोंद होते, तिचे तक्ते होतात, आणि त्या तक्त्यांवरून विमानाचं नाक लांब करायचं की आखूड ते ठरतं. तुमच्या चिडण्यावरून काय ठरतं ते सांगा, मग बोलू.

शहराबाहेर, वापरात नसलेल्या धावपट्टीच्या कडेला एक संशोधन संस्था आहे. आवाजाच्या वेगाच्या पुढे जाणारं प्रवासी विमान तिथे तयार होतंय. इंजिन जमलंय, वेगही जमलाय, अडलंय ते दणक्यावर. असं विमान डोक्यावरून गेलं की खाली दणका बसतो, काचा थरथरतात, झोपलेली पोरं उठतात. म्हणून वस्तीवरून तसं उडायला कायद्याने बंदी आहे. आता विमानाचा आकारच असा घडवायचा, की दणक्याचं नुसतं ‘धप्प’ व्हावं. मग बंदी उठेल, अशी त्यांची आशा. पण धप्प कितपत चालेल हे यंत्र सांगू शकत नाही. आवाज किती मोठा ते यंत्राला कळतं, त्याने डोकं किती उठतं ते कळत नाही. त्याला माणूसच लागतो. अशी आम्ही बत्तीस माणसं आहोत, आणि त्यांत सगळ्यांत खडूस मी.

नोकरीत असताना मी वजनमापं निरीक्षक होतो. एकतीस वर्षं दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासले. काटा खोटा दिसला की तिथल्या तिथे जप्त. मला लांबून बघून दुकानदार शटर ओढायचे. आणि घरी आलो की मला शांतता लागायची. लागायची म्हणजे काय, मी ती वसूल करायचो. खुर्च्यांच्या पायांना मी जाड कापडाचे तुकडे चिकटवले होते, दारांच्या चौकटींना रबराच्या पट्ट्या. कपाला चमचा लागून वाजला की मी वर्तमानपत्र खाली करून बघायचो. बोलायचो नाही, नुसता बघायचो. बोलण्यापेक्षा ते वाईट होतं हे मला आत्ता कळतंय. चौतीस वर्षांत बायको पातेलं न वाजवता ओट्यावर ठेवायला शिकली, कडी न वाजवता दार लावायला शिकली, उशीत तोंड खुपसून शिंकायला शिकली. चोरांच्या घरात जन्मली असतीस तर घराण्याचं नाव काढलं असतंस, असं मी तिला चारचौघांत म्हणायचो. चारचौघे हसायचे आणि तीही हसायची, पण तेही हळूच.

संस्थेची जाहिरात तिनेच बघितली. आवाजाचा लवकर त्रास होणारी माणसं हवी आहेत, असं लिहिलं होतं. तिने फॉर्म आणला, स्वतःच भरला आणि सहीसाठी माझ्यापुढे धरला.

“अहो, तुमच्या आठ्या नुसत्या वाया चालल्यात,” ती म्हणाली. “कुणाच्या तरी उपयोगी पडू देत.”

त्याला आता तीन वर्षं झाली. आवाज ऐकायची ती खोली बघण्यासारखी आहे. बाहेरून बघाल तर जाड भिंतींचं खोकं, आत गेलात तर दिवाणखाना. सोफा, टीपॉय, पडदे, खरी काच असलेली खिडकी. भिंतींच्या मागे पुरुषभर उंचीचे स्पीकर लपवलेत. कोपऱ्यात काचेचं कपाट आहे, त्यात कपबश्या मुद्दाम एकमेकींना टेकवून ठेवलेल्या. कारण दणक्यापेक्षा त्याच्या मागोमाग जी किणकिण होते तिने माणूस जास्त वैतागतो, असा त्यांनी शोध लावला. एवढ्यासाठी संशोधन कशाला, माझ्या घरी आले असते तर मी फुकट सांगितलं असतं.

आपण सोफ्यावर बसायचं. पलीकडच्या खोलीतला ऑपरेटर छतातल्या स्पीकरमधून म्हणतो, “काका, स्वतःच्या घरात बसलात असं समजा.” हे वाक्य दर वेळी म्हणायचं असा नियमच आहे. मग आवाज येतो. मग हातातल्या यंत्रावर शून्य ते दहा यांतले गुण द्यायचे. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, दहा म्हणजे घर सोडून जावंसं वाटतं.

पहिल्या वर्षी मी नऊच्या खाली उतरलो नाही. तिथली मंडळी मला नऊकाका म्हणायला लागली. ध्वनी विभागाची प्रमुख एक इंजिनीअर बाई आहे, चाळिशी ओलांडलेली, केसांत पेन्सिल खोचून ती दिवसभर शोधत फिरणारी. ती एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, “नऊकाकांना जे विमान चालेल ते जगाला चालेल.” मला ते फार आवडलं. निवृत्त झाल्यापासून मला कुणी घाबरलं नव्हतं.

मग मुलीचं बाळंतपण आलं. ती दूरच्या शहरात असते. बायको तीन महिन्यांसाठी म्हणून गेली. पहिल्या आठवड्यात मी शेजाऱ्याला म्हणालो, सुंठीवाचून खोकला गेला. मजेत होतो. तीन महिन्यांनी कळलं की नातीचं वजन जरा कमी भरतंय, मग दात यायला लागले, मग मुलीची नोकरी पुन्हा सुरू झाली, मग पाळणाघर धड मिळेना. बघता बघता चौदा महिने झाले. दर रविवारी फोन होतो. तू कधी येतेस, हे मी एकदाही विचारलं नाही, आणि मी येत नाही, असं ती एकदाही म्हणाली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

घर खायला उठतं असं लोक म्हणायचे तेव्हा मला वाटायचं, रिकामटेकड्यांची नाटकं आहेत. आता सांगतो, उठतं. सकाळी एक कप धुतो तो दुपारी तसाच कोरडा असतो. कापडाचे तुकडे लावलेली खुर्ची ओढली तर ओढल्याचं कळत नाही. सोमवारी माझ्या तोंडून एक शब्द निघत नाही, आणि मंगळवारी संस्थेच्या फाटकावर रखवालदाराला ‘काय म्हणता’ म्हणायला जातो तर घसा खरखरतो. मंगळवार आणि शुक्रवार हे माझे वार. त्या दोन दिवशी माझी कुणीतरी वाट बघतं. दहा मिनिटं उशीर झाला तर ऑपरेटर फोन करतो, “काका, निघालात ना?” हा फोन यावा म्हणून मी दोनदा मुद्दाम उशिरा निघालोय. आता सांगायला लाज कसली.

त्या मंगळवारी चौदा नंबरच्या आकाराची शेवटची चाचणी होती. बारा आवाज होते. मी गुण देत गेलो, दोन, एक, दोन, तीन, एक. बाहेर आलो तर इंजिनीअर बाई दारातच उभी, हातात कागद.

“काका, दोन? तुम्ही दोन दिलेत?”

“दिले,” मी म्हणालो.

तिने माझे दोन्ही हात धरले आणि नुसते हलवले. चार वर्षं ती ह्या नाकाच्या मागे लागली होती. बाकीचे ऐकणारे कधीच खाली आले होते, मीच वर अडून बसलो होतो. नवाचे सात व्हायला, साताचे पाच व्हायला वर्ष गेलं, आणि आता दोन. शुक्रवारी समितीपुढे अहवाल जाणार होता. तिने मला स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. इतक्या वर्षांत माझ्यामुळे कुणाच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी बघितला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला तो सोडवेना. दुसरा कप मागून घेतला.

घरी चालत येताना मात्र एक गोष्ट टोचायला लागली. त्या बारांतला सातवा आवाज माझ्या ओळखीचा होता. दोन ठोके, मग मागे घरंगळत गेलेली शेपटी. हा तीन वर्षांपूर्वीचा, अगदी पहिल्या आकाराचा दणका. तुलनेसाठी त्यांनी मध्येच घातला असणार. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी सोफ्यावरून उठून दारावर थापा मारल्या होत्या, आणि ऑपरेटरला काय काय सुनावलं होतं ते तो अजून इतरांना सांगतो. तेव्हा मी त्याला साडेनऊ दिले होते. त्या मंगळवारी तीन दिले.

आवाज तोच. म्हणजे विमान सुधारलं असेल नसेल, पण बिघडलो होतो मी. एकेका माणसाचे तीन वर्षांपूर्वीचे गुण काढून कुणी ताडून बघत नाही, बत्तीस जणांची बेरीज बघतात. त्यामुळे हे माझ्याखेरीज कुणाला कळणार नव्हतं.

पहिला संशय अर्थातच कानांवर. वय आहे, होणारच. बुधवारी सकाळी मी आपण होऊन संस्थेत गेलो आणि कान तपासून घेतले. तिथे त्याची वेगळी खोली आहे. तपासणारी बाई कानांवर यंत्र चढवते, बारीकसा आवाज आला की बटण दाबायचं. अर्धा तास झाला. तिने कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

“काका, हे कान तिशीतल्या माणसाचे आहेत. तुम्ही वापरता की नुसते जपून ठेवलेत?”

मी हसलो नाही. कान खराब निघाले असते तर किती सोपं झालं असतं.

त्याच दुपारी मी घरी वाचत बसलो होतो. रस्त्यावरून विटामातीने भरलेला ट्रक खड्ड्यात आदळत गेला. खिडकी थरथरली, स्वयंपाकघरात फडताळावरचं झाकण खणखणलं. आणि मला भान आलं तेव्हा मी उठून दारापाशी गेलेलो, हात कडीवर. मी दार उघडायला निघालो होतो. बाहेर कुणी नव्हतं, कुणी असायचं कारणही नव्हतं. मी तसाच कडीला हात लावून उभा राहिलो, आणि मग खाली बसलो, तिथेच, चपलांशेजारी.

चिडलो नव्हतो मी. मला बरं वाटलं होतं. आवाज झाला, म्हणजे कुणीतरी आलं. चौदा महिने त्या खोट्या दिवाणखान्यात बसून मी दणक्याची वाट बघत होतो. कपाटातल्या कपबश्या किणकिणल्या की आत स्वयंपाकघरात कुणी वावरतंय असं वाटायचं, आणि बोट आपोआप खालच्या आकड्याकडे जायचं. ‘स्वतःच्या घरात बसलात असं समजा,’ असं तो दर वेळी सांगत होता, आणि मी दर वेळी अगदी प्रामाणिकपणे तसंच समजत होतो.

एकतीस वर्षं ज्या काट्यांना मी दुकानातून उचलून नेलं त्यांतलाच मी एक झालो होतो. आणि माझ्या आकड्यावर विसंबून ते विमान उद्या वस्तीवरून उडणार. कुठल्यातरी घरात तापाने फणफणलेलं पोर नुकतंच झोपलेलं असेल. त्या घरातल्या बाईला मी काय सांगणार, की बये, माझ्याकडे कुणी नव्हतं म्हणून मला तो आवाज आवडला?

गुरुवारी सकाळी मी इंजिनीअर बाईच्या खोलीत गेलो. टेबलावर अहवालाच्या प्रती रचून ठेवल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. सातवा आवाज, साडेनऊ आणि तीन, कान, ट्रक, दार. बायको चौदा महिने घरी नाही, हेही. संपल्यावर तिने केसांतली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

“काका, चार वर्षं,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“हे तुम्हाला शनिवारी नसतं का आठवलं?”

“शनिवारीच आठवायचं होतं, पण आमच्या नशिबात बुधवार होता,” मी म्हणालो. ती हसली नाही. मग म्हणाली, “बसा,” आणि कपाटातून माझी फाइल काढली.

दर सहा महिन्यांनी आम्ही एक माहितीचा फॉर्म भरतो. झोप कशी लागते, औषधं कुठली, घर रस्त्यालगत आहे का. त्यात एक प्रश्न आहे, घरात राहणारी माणसं किती. बायको गेल्यानंतर मी दोन फॉर्म भरले होते, आणि दोन्हींवर माझ्याच अक्षरात ‘दोन’ लिहिलं होतं. चुकून नाही. पहिल्या वेळी पेन त्या चौकटीवर बराच वेळ धरून ठेवलं होतं ते मला चांगलं आठवतं.

“तुम्ही ज्या कारणाने कमी गुण दिलेत,” बाई म्हणाली, “ते लिहायला माझ्याकडे रकाना नाही. रकाना आहे तो हा. एकटं राहणाऱ्यांचे आकडे आम्ही वेगळे धरतो, कारण ते सगळ्यांपेक्षा निराळेच येतात. कधी फार वर, कधी फार खाली. तुम्ही दोन माणसांच्या घरांच्या गटात आहात. तुमचा आकडा काढला तर तो गट अपुरा पडतो. नवा माणूस शोधा, बसवा, सगळे आवाज पुन्हा ऐकवा. आठ महिने तरी गेले.”

“मग काढा,” मी म्हणालो.

“असं कसं काढू? नियम असा आहे, की तात्पुरतं बाहेरगावी गेलेलं माणूस घरातच मोजायचं.” तिने फॉर्म माझ्याकडे सरकवला. “काकू परत येणार असतील तर तुम्ही लिहिलेलं ‘दोन’ बरोबर आहे. तुमचा आकडा राहील, मी उद्या अहवाल देईन, आणि आज तुम्ही मला काय सांगितलंत ते मी ऐकलं नाही असं धरेन. येणार नसतील तर ‘एक’ करा, खाली सही करा.”

“आणि माझे मंगळवार-शुक्रवार?”

“एकट्यांच्या गटात जागा नाही, काका. आधीच सहा जण यादीत थांबलेत.” ती खिडकीबाहेर बघत होती. “येणार आहेत का त्या?”

बायको परत येणार की नाही, हे एक परकी बाई मला विचारत होती आणि मी मिठाची गुळणी धरून बसलो होतो.

“विचारून सांगा,” ती म्हणाली. “ऐकायची खोली रिकामी आहे. तिथून फोन करा, तिथे कुणी येणार नाही.”

मी फॉर्म घेऊन गेलो आणि त्या सोफ्यावर बसलो. ऑपरेटरने बाहेरून जाड दार लावलं. मला कबूल करायला जड जातंय, पण तापाने फणफणलेलं ते पोर तेव्हा माझ्या डोक्यातून पार निघून गेलं होतं. बायकोच्या तोंडून एक ‘हो’ आलं असतं, तर बायको परत, खुर्ची शाबूत, बाईचा अहवाल वेळेवर, आणि मी खोटारडाही नाही. एवढं सगळं एका ‘हो’वर. कितीतरी वेळ मी नुसता फोन हातात धरून बसलो, मग लावला.

“अहो, आज गुरुवार,” ती म्हणाली. “काय झालं? पडलात का?”

“पडलो नाही गं. काही झालं नाही.”

तिच्या मागे नुसता गोंगाट. कुठलंतरी यंत्र घरघरत होतं, गाणी लागली होती, आणि कुणीतरी ताट बडवत होतं.

“काय चाललंय तिकडे?”

“नात ताट बडवतेय. थांबा, मी आतल्या खोलीत जाते.”

“राहू दे, असू दे,” मी म्हणेपर्यंत ती गेलीसुद्धा. गोंगाट बंद झाला. म्हणजे तिने दार लावलं असणार. ते लावल्याचं मला ऐकू आलं नाही.

“हं, बोला.”

“संस्थेच्या फॉर्मवर विचारलंय,” मी म्हणालो, “घरात माणसं किती राहतात. मी दोन लिहीत आलोय. ते विचारतायत, बरोबर आहे ना म्हणून.”

तिचा श्वास ऐकू येत होता. तिशीतल्या माणसाचे कान आहेत माझे, श्वाससुद्धा ऐकू येतो.

“काय लिहू?” मी विचारलं.

“काल माझ्या हातून काचेचा बाऊल फुटला,” ती म्हणाली. “चांगला मोठा होता. फरशीवर आपटला, सगळीकडे काचा. मी तिथेच उभी. पाय हलेनात. वाटलं, आता कुणीतरी येऊन बघणार. जावई आले. म्हणाले, आई, चप्पल घाला आधी, काच लागेल. आणि झाडू घेऊन स्वतःच गोळा करायला लागले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. एवढंच झालं. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून नाही सांगत.”

“मला आता आवाजाचा त्रास होत नाही,” मी म्हणालो. “खरंच होत नाही. तपासून घेतलंय मी. तू ये, काय हवं ते आपट, मी मान वर करून बघणार नाही.”

“तुमचा त्रास गेला असेल हो,” ती म्हणाली. “माझं दचकणं कुठे गेलंय? इथेसुद्धा भांडं वाजलं की मी आधी मागे वळून बघते. आत्ता आत्ता जरा कमी होतंय.”

“मी तुझ्यावर कधी ओरडलो नाही.”

“नाही ओरडलात. ओरडला असतात तर मीपण ओरडले असते.”

काट्याने वजन बरोबर दाखवलं की दुकानदार हुज्जत घालत नाही, तसा मी गप्प बसलो. ती, माझ्या पाठीवरून हात फिरवावा इतक्या मऊ आवाजात, म्हणाली, “एक लिहा.”

“एक.”

“हो. उगाच खोटं कशाला लिहिता, तुम्हाला ते जमत नाही. मी येईन मधूनमधून, चार दिवस. तुम्हीही इकडे या. पण घर म्हणाल तर आता एकच लिहा.” मग लगेच, “रक्तदाबाची गोळी घेताय ना? खिडकीपाशी ठेवू नका, ऊन लागतं.”

“घेतोय.”

“आणि शेजाऱ्यांशी जरा धड बोलत जा. अडीनडीला तेच येणार आहेत.”

“बोलतो.” मला वाटलं ती आता फोन ठेवणार, आणि ते मला सहन होईना. “ठेवू नकोस एवढ्यात,” मी म्हणालो. “बोलायचं काही नाही. तू तुझं काम कर. फोन नुसता चालू राहू दे.”

“अहो, नुसता चालू ठेवून काय करणार?”

“बसतो ऐकत.”

तिने नाही म्हटलं नाही. चालत स्वयंपाकघरात गेली, फोन कशाला तरी टेकवून ठेवला. मी सोफ्यावर पुढे सरकून बसलो. आता तो सगळा गोंगाट पुन्हा येईल म्हणून मी कान लावला. पण गाणी बंद झाली होती, घरघरही थांबली होती. नळ सुटला, अगदी बारीक. तिने एक भांडं विसळलं आणि खाली ठेवलं, ते ठेवल्याचं मला नीट कळलंही नाही. दुसरं ठेवलं. मधेच नातीने ताटावर दोनदा चमचा आपटला, आणि बायकोचा दबलेला आवाज आला, “हळू हं बाळा, आजोबा ऐकतायत.”

नातीचा चमचा थांबला.

मी लगेच फोन बंद केला, म्हणजे त्या दोघींना हवा तेवढा आवाज करता येईल. मग खिशातलं पेन काढलं, दोन खोडून एक लिहिलं, खाली सही केली आणि फॉर्म द्यायला बाईच्या खोलीकडे गेलो.